'कै.' खोडलं, 'श्री.' लिहिलं

सिनेमातला एखादा गाणारा गेला की पुण्याच्या पेपरांत काळी चौकट येते, रेडिओ दिवसभर त्याचीच गाणी लावतो आणि पौडच्या एस.टी. स्टँडवर चहा पिणारी माणसंही हळहळतात. हळहळावंच. मीही हळहळते. पण गेल्या महिन्यात आमच्या मुळशीतले दोन वाजवणारे पंधरा दिवसांच्या अंतराने गेले आणि एकाही पेपरात एक ओळ आली नाही. मी स्वतः दोन पेपरांना बातमी लिहून पाठवली होती. एकाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने कार्ड पाठवलं की 'स्थानिक स्वरूपाचा मजकूर' घेता येत नाही. स्थानिक! माणूस मरतो तो कुठल्या तरी एकाच ठिकाणी मरतो ना?

त्यातले एक पौडच्या बाजारपेठेतले. बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. सगळा तालुका त्यांना चाचा म्हणायचा. दुसरे आमच्या गावचे, गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. हलगी वाजवायचे. त्यांना मी इथे तात्या म्हणणार आहे, पण खरं सांगायचं तर गावात त्यांना कुणीच तात्या म्हणत नव्हतं. गाव नुसत्या नावाने हाक मारायचं, मागे 'रं' लावून. मी पाटलाची मुलगी. चार-पाच वर्षांची असल्यापासून वडिलांच्या वयाच्या त्या माणसाला अरेतुरे करत होते, आणि त्यात काही चुकतंय असं मला कुणी सांगितलं नाही. पुण्याला कॉलेजात गेले, पत्रकं लिहायला शिकून परत आले आणि पहिल्यांदा 'तात्या' म्हणून हाक मारली, तर ते हसले. म्हणाले, "काय काम काढलं म्हनायचं, आक्कासाब?"

दोघांची खरी नावं इथे लिहीत नाही. ती पत्रकावर छापली तेव्हा जो घोटाळा झाला, तोच सांगायला बसले आहे.

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं. बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. का, तर म्हणे लंगोट लावलेले पुरुष असतात. हेच पुरुष ओढ्यावर बायकांसमोर त्याच लंगोटावर म्हशी धुतात, तेव्हा चालतं. असो, ते पत्रक मी वेगळं लिहिलं आहे.

आमच्या माडीच्या खिडकीतून मैदान दिसत नाही. मधे देऊळ आहे आणि चिंच आहे. पण ऐकू सगळं येतं. जत्रेच्या दुपारी आई, काकू, शेजारपाजारच्या आठ-दहा जणी आणि परकरातली मी, अशा आम्ही त्या खिडकीत कोंबून बसायचो, डोळे मिटून. तात्या हलगी पेंढ्याच्या जाळावर शेकायचे, तिचा पहिला टणत्कार यायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. आज हे लिहितानाही आला आहे.

ती हलगी कुस्ती सांगायची. पैलवान नुसतेच हात मिळवून गोल फिरत असले की थापा सुट्या सुट्या, जणू चालत असल्यासारख्या. एकाने पट काढला, म्हणजे दुसऱ्याचा पाय ओढला, की थापा एकदम दाट व्हायच्या. खालचा वरच्याला झुलवत असला तर उजव्या हातातलं जाड टिपरू दमाने पडायचं आणि डाव्या हातातली बारीक काडी तेवढी बडबडत राहायची. आणि पाठ टेकायची वेळ आली की ती काडी अशी थरथरायची की खिडकीतल्या बायका एकमेकींचे दंड आवळायच्या.

"पडला गं! पडला!" काकू ओरडायची.

"कुटं पडला? एक खांदा वर हाय अजून," आई म्हणायची. "ऐक की नीट."

आणि आई चुकायची नाही. संध्याकाळी आबा, म्हणजे माझे वडील, गुलालाने माखून घरी यायचे आणि सांगायला तोंड उघडायचे, की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "म्हाईत हाय. बारका खालनं पलटला न्हवं का?"

"तुला कुनी सांगितलं?"

"हलगीनं."

दरवर्षी आबा हा प्रश्न विचारायचे आणि दरवर्षी त्यांना हेच उत्तर मिळायचं. डोळ्यांनी एकही कुस्ती न बघता आमच्या घरातल्या बायका तालुक्यातल्या पैलवानांचे डाव ओळखायच्या. ही विद्या आम्हाला तात्यांनी दिली. त्यांना ते माहीत नव्हतं. आम्ही कधी सांगितलं नाही. का सांगितलं नाही? कारण हलगीवाल्याला असलं काही सांगायची पद्धत नव्हती.

आता चाचांचं सांगते. मी अकरा वर्षांची असताना आमच्या आतेबहिणीचं लग्न आमच्याच दारात झालं. गोरज मुहूर्त. पौडहून बँड आला. लाल कोट, पितळी बटणं. सगळे कोट चाचांच्या धाकट्या भावाने शिवलेले, तो टेलर आहे. सगळे कोट एकाच मापाचे, त्यामुळे चाचांच्या अंगात तो कोट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. काडीसारखा माणूस. पण क्लॅरनेट तोंडाला लावलं की गाल असे फुगायचे की बघणारालाच धाप लागावी.

नवरदेव मारुतीला जाऊन मांडवाकडे निघाला. रिवाजाप्रमाणे पुढे हलगी, मागे बँड, त्याच्या मागे घोडा. चाचांनी एक सिनेमाचं गाणं उचललं. पुढून तात्यांनी लय किंचित वाढवली. चाचांनी गाठलं. तात्यांनी आणखी वाढवली. विहिरीपाशी आले तोवर चाचांनी गाणं सोडून दिलं आणि सरळ हलगीच वाजवायला लागले, क्लॅरनेटवर! थापेला थाप. काडीची थरथर आली की क्लॅरनेटची थरथर. तात्या गर्रकन मागे वळले, चाचा रांग सोडून पुढे आले, आणि दोघं समोरासमोर उभे राहिले. बाकीच्या बँडने वाजवणं थांबवलं. बँडमास्तरने हात वर केले आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला.

काय वाजवलं त्या दोघांनी! माणसं झाडांवर चढली. घोडा आपणहून नाचायला लागला, तेव्हा नवरदेव भिऊन खाली उतरला आणि मुंडावळ्या बाजूला सारून ऐकत उभा राहिला. सूर्य डोंगराला टेकला. मांडवातून भटजी मुठीत अक्षता घेऊन पळत आले.

"अहो, मुहूर्त! मुहूर्त चाललाय!"

"जाऊ द्या त्याला," नवऱ्याचा मामा म्हणाला. "आत्ता कुटं रंगलंय."

मुहूर्त गेला. भटजींनी पंचांग उघडून दुसरा शोधला. सापडतोच. आतेबहिणीला चार मुलं आहेत आणि संसार ठीक चाललाय, हे मुहूर्तवाल्यांसाठी मुद्दाम लिहिते.

पंगत बसली तेव्हा बँडवाल्यांना मांडवाच्या कडेला बसवलं आणि तात्यांची पत्रावळ कुडाच्या बाहेर मांडली. थोड्या वेळाने पाहिलं तर चाचांनी आपली वाढलेली पत्रावळ दोन्ही हातांवर उचलली होती आणि आमटी सांडत, लाल कोटाची बाही पिवळी करत ते कुडाबाहेर निघाले होते. तिथे जाऊन तात्यांच्या समोर बसले. आबा हसून म्हणाले, "वाजवनारं वाजवनाऱ्यात." सगळे हसले. मीही हसले.

पुढे मी सतरा वर्षांची असताना वस्तीने दीक्षा घेतली, बौद्ध झाली. त्याच वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी आबांनी निरोप पाठवला, हलगी शेकून तयार ठेव. तात्या दुसऱ्या दिवशी आले. पांढराधोप सदरा, हात मोकळे. आमच्या ओसरीसमोर उभे राहून म्हणाले, "पाटील, हलगी खुंटीला लावली. आता गावासाठी वाजवायची न्हाई. कुस्त्या बघाया आलोय."

मैदानात त्यांना उभं राहू दिलं नाही. तो भाग मी लिहिणार होते आणि लिहिणार नाही, कारण त्या दिवशी मीही खिडकीत पाय आपटत होते. हलगी नाही! डोळे मिटले तर नुसता गलका. कोण वर, कोण खाली, काही कळेना. आई खिडकीतून उठून गेली. मी सतरा वर्षांची घोडी, तात्यांवर चिडले होते. माझी करमणूक त्यांनी बंद केली म्हणून! त्यांना ती खुंटी गाठायला किती वर्षं लागली असतील, हे कळायला मला पुण्याची चार वर्षं लागली.

तर आता गेल्या महिन्याकडे येते. आधी चाचा गेले, छातीच्या दुखण्याने. पंधरा दिवसांनी तात्या गेले, तापाने. जोडी होती, एक गेला म्हणून दुसरा गेला, असं लोक मोठ्या गोडीने सांगतात. असं काही नाही. ताप होता आणि औषध वेळेवर मिळालं नाही.

मी ठरवलं, दोघांसाठी एकच सभा घ्यायची, आमच्या गावात, देवळासमोरच्या पारावर, रविवारी दुपारी चारला. पत्रक लिहिलं. पत्रकात रडायचं नाही, हे माझं शिक्षण. शोकसभा हा शब्द मला मुळीच चालत नाही. म्हणून वर छापखान्यातल्या सगळ्यात मोठ्या खिळ्यांत माझं नेहमीचं: 'चला! या! ऐका!' खाली: 'हलगीवाले कै. अमुक आणि क्लॅरनेटवाले कै. तमुक यांच्या कलेचा गौरव.' पुण्यात पाचशे प्रती छापून घेतल्या आणि एस.टी.ने थेट पौडला उतरून गठ्ठा चाचांच्या भावाच्या दुकानात टाकला.

टेलरने तोंडातला दोरा काढला, एक प्रत उचलली, लांब धरून वाचली.

"पोरी, हे 'कै.' म्हंजे?"

"कैलासवासी."

"आमचा भाऊ कैलासाला कशापायी जाईल गं? त्याला हितलीच थंडी सोसत नव्हती."

पत्रकं लिहून लिहून हात इतका सरावला होता की मेलेल्या माणसापुढे 'कै.' आपोआप उतरलं होतं. चाचांना रीतसर दफन केलं तेव्हा मी तिथे हजर होते, तरी!

दुकानात आमच्या शाळेचे गुरुजी पँट आखूड करायला आले होते. ते म्हणाले, "त्यात काय? मुसलमान गृहस्थाला पैगंबरवासी लिहितात. 'पै.' करा."

"गुरुजी, 'पै.' म्हंजे पैलवान," टेलर म्हणाला. "आख्खा तालुका हसून मरंल. माझ्या भावाला वारा आला तर आमी धरून ठेवत होतो."

हसता हसता माझ्या लक्षात आलं की ही तर अर्धीच चूक. गठ्ठा उचलून मी तशीच वस्तीवर गेले.

तात्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. पुण्याला कारखान्यात कामाला आहे, वडिलांसाठी रजा घेऊन आलेला. त्याने पत्रक उभ्याउभ्याच वाचलं, घडी केली आणि माझ्या हातात परत दिलं.

"ताई, आमी बौद्ध झालो तेव्हा तुमी गावातच होता न्हवं?"

"होते."

"आन् लिवलंत कैलासवासी. आमच्या बापानं देव सोडला, देऊळ सोडलं, हलगी सोडली. तुमी त्याला मेल्यावर उचलून परत देवळाच्या पायरीखाली नेऊन उभा केलात. वर लिवलंत 'हलगीवाले'. आन् मग काय, सभेत कुनीतरी म्हननार, वाजीव रं बापाची हलगी. व्हय का न्हाई?"

खरं सांगते, तो शेवटचा बेत माझ्या डोक्यात होताच.

"चुकलं," म्हटलं. "काय लिहू? तू सांग."

तो दाराच्या चौकटीला टेकला. आत खुंटीवर हलगी दिसत होती, फडक्यात गुंडाळलेली.

"श्री. लिवा," तो म्हणाला.

"श्री. जिवंत माणसाला लावतात."

"म्हनूनच लिवा. जित्यापनी कुनी लावलं? सातबाऱ्यावर न्हाई, मतदार यादीत न्हाई, गावाच्या तोंडात तर न्हाईच. त्ये येकडाव ऱ्हायलंय. आन् दुसरं, सभेचं अध्यक्ष पाटील पायजेत. त्यांनी पारावर उभं ऱ्हाऊन त्ये पत्रक मोठ्यानं वाचायचं, श्री. सकट. त्येवढं व्हनार आसंल तर मी येतो. न्हाईतर आमच्या बापाचं नाव तुमच्या कागदावर नको."

पुढे दोन दुपारी टेलरच्या दुकानातल्या कापायच्या टेबलावर बसून मी आणि तात्यांच्या मुलाने पाचशे प्रतींवरचं 'कै.' खोडलं आणि 'श्री.' लिहिलं. टेलर म्हणाला, आमच्यालाही श्रीच लिवा, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं नको. म्हणजे एका पत्रकावर दोन दुरुस्त्या, पाचशे पत्रकांवर हजार. दौतीतली शाई संपली. मुलगा 'हलगीवाले' हा शब्दही खोडत चालला होता. पंधरा-वीस प्रतींवर त्याने तो खोडला असेल, तेव्हा टेलरने मशीन थांबवलं.

"तुला येक सांगू का रं बाळा? तुझ्या बापानं हलगी सोडली, ह्ये खरं. पर दर बाजाराच्या दिवशी तो हितं यायचा. भाऊ ह्या खुर्चीवर क्लॅरनेट घेऊन बसायचा, तुझा बाप तिथं, तू बसलायस तिथं. बसून, बरं का. उभा न्हाई. आन् ह्या टेबलावर बोटांनी वाजवायचा. मी कापडावर खडूनं रेघा मारून ठेवाव्यात आन् ह्यांनी पुसून टाकाव्यात. ह्या दोघांपायी माझ्या किती गिऱ्हाइकांचे सदरे तोकडे झाले, विचार पौडात."

मुलाला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तात्या सात वर्षं तिथे बसून वाजवत होते आणि आम्ही खिडकीत बसून रडत होतो की ताल गेला! मुलाने टेबलावरून तळवा फिरवला. लाकूड एका जागी गुळगुळीत झालं होतं. मग त्याने पुढची प्रत ओढली, 'कै.' खोडलं, आणि 'हलगीवाले' तसंच राहू दिलं.

घरी आबांशी मात्र जुंपली.

"मेलेल्या मानसाला श्री. लावायची रीत न्हाई."

"जित्याला लावायची होती ना? मग का नाही लावलंत?"

"तू पुन्याला जाऊन जिभंला धार लावून आलीस."

"धार हितंच होती, आबा. पुण्यात दगड मिळाला."

आबा ताडकन उठले. अध्यक्ष होईन, पण त्याला श्री. म्हणणार नाही, असं म्हणून मळ्याकडे निघून गेले. आई चुलीपाशी होती. तिने एवढंच म्हटलं, "बोलाव सभा. म्हनत्यात का न्हाई ते ऐकाया मी येते." माझी आई आजवर कुठल्याही सभेला गेली नव्हती.

पत्रकं बाजारच्या दिवशी पौडात वाटली. एस.टी.च्या कंडक्टरांना दिली. ती ताम्हिणीपर्यंत गेली, धरणाच्या काठच्या वाड्यांवर गेली. आणि रविवारी दुपारी दोन वाजल्यापासून माणसं यायला लागली. शंभरएक येतील असा माझा अंदाज. तीनला देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या सुटल्या होत्या, माणसं भिंतींवर होती, चिंचेवर होती. फेटे बांधून आले होते, कडेवर मुलं होती, हसणं-खिदळणं चाललं होतं. मी हरखून गेले. मनात म्हटलं, पहा, याला म्हणतात पत्रक!

तेवढ्यात ताम्हिणीकडचा एक म्हातारा मला म्हणाला, "बाई, पहाटं निघालो बघा. सात वरसं झाली ऐकून. कवा सुरू करनार दोघं?"

"कोण दोघं?"

त्याने पत्रक दाखवलं. चला. या. ऐका. हलगीवाले श्री. अमुक. क्लॅरनेटवाले श्री. तमुक.

आमचं गाव आणि पौडची पेठ सोडली तर अख्खा तालुका त्या दोघांना ऐकायला आला होता. माझ्या तीन शब्दांनी आणि त्या मुलाच्या एका अक्षराने दोघांना जिवंत केलं होतं.

मी पाराकडे धावले. आबा खुर्चीवर, गुरुजी शेजारी, टेलर मांडीवर क्लॅरनेट ठेवून. तात्यांचा मुलगा पाराखाली उभा होता, हाताची घडी घालून. मी त्याला वर बोलावलं. त्याने मान हलवली, नजर आबांवर. आधी ते, मग मी. हलगी आणली नव्हती.

आरोळ्या सुरू झाल्या. "आना की त्यांना!" "कुटं लपवलंय?" "पाटील, बोला कायतरी!"

आबा उठले. चष्मा लावला. पत्रक हातात धरलं.

"चला, या, ऐका," त्यांनी वाचलं आणि थांबले. मग घाईघाईने, तोंडातल्या तोंडात, "हलगीवाले…" आणि पुढे काहीतरी.

"ऐकू यीना!" चिंचेवरून कुणीतरी ओरडलं.

आबांनी परत वाचलं. नुसतं नाव. श्री. गिळलं. मुलाने खाली पाहिलं, हाताची घडी सोडली आणि वळला.

"अवो पाटील, मोठ्यानं!" मागून बायकी आवाज आला. सगळ्या माना वळल्या. आई. देवळाच्या ओट्यावर, पदर डोक्यावर घेऊन. "कागदावर हाय ते समदं वाचा. आमाला माडीवरनं सुदिक ऐकू यायची त्याची हलगी, तुमचा आवाज पारावरनं यीना?"

हशा पिकला. आबांचं तोंड लाल झालं. त्यांनी घसा खाकरला आणि मैदानात कुस्ती पुकारतात त्या आवाजात वाचलं:

"हलगीवाले श्री.!" आणि तात्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. मागे 'रं' नाही. ते नाव त्या गावात असं पूर्ण मी पहिल्यांदा ऐकलं. पुढे चाचांचं, तसंच. मग आबांनी चष्मा काढला आणि मान वर न करता म्हणाले, "दोघं बी गेल्यात. आमी कळवलं न्हाई तुमास्नी. चूक झाली."

फेटे उतरले. ताम्हिणीचा म्हातारा मटकन खाली बसला. "मंग आमी आता कुनाला ऐकायचं?" तो कुणालाच उद्देशून बोलला नाही.

तात्यांचा मुलगा पार चढून आला. आबांनी स्वतः शेजारची खुर्ची पुढे सरकवली. तो बसला. पाय पसरून, पाठ टेकून, सगळ्या गावासमोर. एवढ्यासाठीच तो आला होता.

टेलरने क्लॅरनेट ओठाला लावलं. त्याला धड वाजवता येत नाही. त्याने विहिरीपाशीच्या त्या वाजवण्यातला एक तुकडा धरायचा प्रयत्न केला, दोनदा फसला, तिसऱ्यांदा थोडासा साधला. आणि खालून टाळी आली. जुन्या पैलवानांपैकी कुणीतरी होतं. टाळी कौतुकाची नव्हती, तालाची होती. मैदानातली ती सुटी सुटी चाल. दुसऱ्याने धरली, मग दहांनी, मग ओट्यावरून आई आणि काकूने, मग भिंतींवरच्यांनी. ज्या माणसाला हे गाव आयुष्यभर वाजवायला लावत होतं, त्याचं वाजवणं आज गाव स्वतःच्या हातांनी वाजवत होतं. माझ्या अंगावर तोच काटा आला. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही.

ताल मात्र फिसकटत होता. एवढे हात, कोण पुढे, कोण मागे. पट काढायच्या जागी तर नुसता गोंधळ.

खुर्चीवरचा मुलगा आधी कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिला. मग त्याला राहवेना. तो पुढे वाकला आणि मांडीवर तळवा आपटून ओरडला, "आरं, घाई करू नगा! तिसरी थाप हलकी हाय! हलकी!"

आबा त्याच्या शेजारी उभे होते. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि तिसरी थाप हलकी मारली.